कारखान्याचें प्रदर्शन झालें, कारागिराचें काय ?

मुंबईस नोकरीस गेलेल्या आमच्या महाड-पोलादपुरच्या मंडळींना गोरेगांवची नेस्कोची जागा माहीत असेलच. ज्यांना माहीत नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों. १९३९ सालीं निघालेली ही एक यंत्रें बनविणारी कंपनी. १९९० नंतरच्या काळांत तिच्या जुन्या कारखान्याच्या आवारांत प्रदर्शनें भरूं लागलीं, आणि आज तेथें यंत्रसामग्रीपासून जडजवाहिरापर्यंत नाना धंद्यांचीं प्रदर्शनें व परिषदा होतात. ज्या आवारांत माल घडत होता, त्याच आवारांत आतां माल मांडला जातो.

यांत वाईट काय, असें कोणी विचारील. जागेचा उपयोग होतो यांत वाईट कांहींच नाहीं. ओसाड शेडीच्या भिंतींत पिंपळ उगवावा, त्यापेक्षां तेथें चार माणसें जमलीं तर तें बरेंच. पण शेतकरी व कारागीर बंधूंनो, कोणतीहि इमारत पाहतांना आपण दोन प्रश्न विचारावे : आंत काम कोणाला मिळतें, आणि दार कोणाला उघडतें ?

पहिला प्रश्न कामाचा. कारखान्यांत सातवी शिकलेला पोऱ्या शिकाऊ म्हणून शिरे, दहा वर्षांत कसबी होई, आणि गांवीं महिन्याच्या महिन्याला मनिऑर्डर येई. तिच्यावर घर शाकारलें जाई, बियाणें घेतलें जाई, बहिणीचें लग्न होई. प्रदर्शनाच्या मांडवांतहि काम असतें. फळ्या ठोकणें, गालिचे अंथरणें, ओझीं वाहणें, झाडणें, रात्रीं पहारा करणें. परंतु हें काम चार दिवसांचें आणि बहुधा ठेकेदाराच्या हाताखालचें. मांडव उतरला कीं मजूर पुन्हां नाक्यावर उभा. त्याच्या हातीं कसब येत नाहीं, आणि म्हातारपणीं पुंजीहि राहत नाहीं.

दुसरा प्रश्न दाराचा. अशा ठिकाणीं जागा चौरस मीटरच्या भावानें भाड्यानें मिळते. पोलादपुरचा बुरूड सूप-टोपल्या विणतो, महाडचा लोहार कोयते-विळे घडवितो, डोंगरावरची बाई नाचणी-वरी पिकविते. यांनीं तें भाडें कोठून भरावें ? मग त्यांचा माल दलाल नेतो, त्यावर रंगीत चिठ्ठी लावतो आणि चौपट किंमत घेतो. घडविणारा गांवींच राहतो, आणि तेथें गेलाच तर तिकीट काढून बघ्या म्हणून जातो !

आतां याच जागेची दुसरी बाजू सांगतों. जानेवारी २००४ मध्यें याच नेस्कोच्या मैदानावर जागतिक सामाजिक मंच भरला होता. तोंवर ही परिषद ब्राझीलांत भरत असे. त्या देशाबाहेर ती प्रथमच आली ती मुंबईस. १६ तारखेपासून २१ तारखेपर्यंत शेतकरी, कोळी, आदिवासी, दलित, कामगार, बायाबापड्या हजारोंनीं तेथें जमल्या. देशोदेशींचे लोक त्यांच्या मांडीला मांडी लावून बसले. ढोल वाजले, वाद झाले, आपापलीं गाऱ्हाणीं लोकांनीं आपापल्या तोंडानें मांडलीं. जागा तीच होती, फरक एवढाच कीं त्या सहा दिवसांत दारावरचा नियम त्या लोकांच्या संघटनांनीं ठरविला होता. ज्याच्या हातीं ससा तो पारधी, ही म्हण इमारतींनाहि लागू आहे.

सभेला जागा मिळणें म्हणजे काय, हें महाडकरांना दुसऱ्या कोणीं शिकवायला नको. डिसेंबर १९२७ मध्यें डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या परिषदेस येथें जागा मिळेना, तेव्हां फत्तेखान नांवाच्या मुसलमान गृहस्थानें आपली जमीन दिली व तेथें मांडव पडला. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८९० च्या एप्रिलांत दहा हजार गिरणी कामगार जमविले, तेहि महालक्ष्मीच्या उघड्या मैदानावर. त्याच सालच्या जूनमध्यें कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली. मोठीं कामें छपरावांचून झालीं, हें खरें. पण म्हणून गरिबानें जन्मभर उन्हांतच सभा भरवावी, हा कोठला न्याय ?

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, गोरेगांवाकडे तोंड वासून पाहत न बसतां हीच युक्ति आपण महाडास करावी. येथील औद्योगिक वसाहत शेतकऱ्यांच्या जमिनींवर उभी राहिली. औद्योगिक विकास महामंडळ भूखंड विकून टाकीत नाहीं, सामान्यतः ९५ वर्षांच्या पट्ट्यानें देतें. म्हणजे मूळ हक्क सरकारी महामंडळाचा, आणि पर्यायानें लोकांचा आहे. कारखाना बंद पडून एखादी शेड रिकामी असेल, तर ती दोन्ही तालुक्यांच्या प्रदर्शनासाठीं व सभेसाठीं मागण्यांत लाज कसली ?

मात्र तीन अटी घातल्याच पाहिजेत. आपल्या वसाहतींत रसायनांचे कारखाने फार; तेव्हां जमीन, विहीर व भिंती तपासल्याशिवाय आंत एकहि पोर नेऊं नये. दुसरी अट, जागा पुराच्या रेषेहून उंच असावी. २२ जुलै २०२१ च्या पावसांत महाड शहर बुडालें, तळिये गांवावर दरड कोसळली, पोलादपुरांत केवनाळे व सुतारवाडी येथेंहि माणसें गेलीं. तेव्हां उघड्यावर पडलेल्यांना पहिली गरज होती ती कोरड्या छपराची. नेस्कोच्या त्याच शेडींत २०२० सालीं कोरोनाच्या रोग्यांसाठीं खाटा पडल्या होत्या, हें ध्यानांत घ्या. मोठें छप्पर एरवीं बाजाराला आणि संकटांत आसऱ्याला, असें दुहेरी कामाचें असतें.

तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. किल्ली ठेकेदाराच्या कनवटीला नसावी. कारागिरांच्या, शेतकऱ्यांच्या व बचत गटांतल्या बायांच्या पंचांनीं कारभार पहावा. गांवच्या मालाला भाडें नाममात्र, परगांवच्या व्यापाऱ्याला पुरें. हिशेब दर सहामाहीस भिंतीवर लावावा.

येत्या ग्रामसभेंत प्रत्येक गांवानें दोन ओळींचा ठराव करावा : वसाहतींत रिकाम्या शेडी किती, आणि त्यांपैकीं पुराच्या वर किती, याची यादी महामंडळानें जाहीर करावी. यादी हातीं आली कीं पुढचें बोलूं. न मागतां आई वाढते, सरकार वाढीत नाहीं.