नीळ आणि हिशेबाची वही
सामुदायिक बागेत रंगाच्या वनस्पती लावाव्यात, ही सूचना स्वागतार्ह आहे. मात्र नीळ पेरताना चंपारणचे स्मरण ठेवावे लागेल. तेथे तिनकठिया पद्धतीने कुळाला बिघ्यातील 20 पैकी 3 कठ्ठ्यांत नीळ लावावीच लागे. 1917 च्या सत्याग्रहानंतर 1918 च्या कायद्याने ही सक्ती संपली. दोष झाडाचा नव्हता. नीळ द्विदल वर्गातली. तिच्या मुळांवरील गाठी जमिनीला नत्र देतात, रंग काढून उरलेल्या पाल्याचे उत्तम खत होते. (हे निळवाल्या साहेबांनाही ठाऊक होते!) प्रश्न आहे तो काय पेरावे आणि रंग कोणत्या भावाने विकावा, हे कोण ठरवणार, हा. म्हणून बी आणण्यापूर्वीच हिशेबाची वही वाफे खुरपणाऱ्या स्त्रियांच्या हाती द्यावी, असा आमचा आग्रह आहे.