मुदत नसलेले वचनपत्र

अण्वस्त्रप्रसारबंदी करार पक्षपाती आहे, असे म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे आणि ती चुकीची नाही. 1970 साली अमलात आलेल्या या कराराने पाच राष्ट्रांना अधिकृत अण्वस्त्रधारी ठरविले व इतरांवर बॉम्ब न बनविण्याचे बंधन घातले. मोबदला म्हणून सहाव्या कलमात निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी सद्भावनेने करण्याचे अभिवचन आले. परतफेड कधी, हे मात्र त्यात लिहिलेले नाही.

एक तारण तेवढे होते. करार मुळात 25 वर्षांचा. पुढे काय करायचे ते परिषदेने ठरवायचे होते. 1995 साली इंडोनेशियासारख्या अलिप्त राष्ट्रांनी ठराविक मुदतींच्याच वाढीचा आग्रह धरला. परंतु न्यूयॉर्कच्या परिषदेने मतदानाविनाच करार बेमुदत केला. कर्जाचा पैसाही वसूल न होता सावकाराने तारण परत करावे, असा हा व्यवहार! पुढच्याच वर्षी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, वाटाघाटी तडीस नेणे हेही बंधनच आहे, असे एकमताने सांगितले. बड्या राष्ट्रांनी ते सल्लागारी मत म्हणून बाजूस ठेवले. 1987 चा मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार 2019 साली मोडला. 2015 आणि 2022 च्या आढावा परिषदा एकमताच्या निवेदनाविना संपल्या. 2024 या एका वर्षात नऊ अण्वस्त्रधारी राष्ट्रांनी या शस्त्रांवर सुमारे 100 अब्ज डॉलर उधळले, असा ‘आयकॅन’ या संघटनेचा हिशेब आहे.

येथवर आपले सरकारही माना डोलावील. प्रश्न त्यापुढचा आहे. 1988 साली राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांत 2010 पर्यंतच्या संपूर्ण निःशस्त्रीकरणाची तारीखवार योजना मांडली होती. दहा वर्षांनी पोखरणचे स्फोट झाले. त्या वेळी संरक्षणमंत्रिपदी समाजवादी चळवळीतून आलेले जॉर्ज फर्नांडिस होते, ही गोष्ट आपल्याला तरी विसरता येणार नाही. 2017 साली 122 राष्ट्रांनी अण्वस्त्रबंदीचा करार संमत केला. त्यात भेदभाव नाही. सर्वांना एकच नियम. आपण ज्याची मागणी करीत होतो तेच हे नव्हे काय? तरी भारत त्या वाटाघाटींना गेलाच नाही. निःशस्त्रीकरणाची चर्चा जिनिव्हाच्या परिषदेतच व्हावी, असे कारण दिले गेले. त्या परिषदेत 1996 पासून एकही करार तयार झालेला नाही. तेथे एका राष्ट्राच्या नकाराने काम अडते, आणि त्या वर्षी चाचणीबंदीच्या मसुद्याला तो नकार देणारे आपणच होतो!

साथींनो, भेदभावाची तक्रार आणि बॉम्बचा अभिमान एकाच तोंडाने बोलता येत नाही. नव्या करारावर सही करावी ही मागणी आपण उघडपणे केली पाहिजे. तोवर सदस्य राष्ट्रांच्या बैठकींत भारताने निदान निरीक्षक म्हणून तरी बसावे. 2022 साली व्हिएन्नात नाटोचे सदस्य असलेले जर्मनी व नॉर्वेही तसे बसले होते.