सुबारूला मंदीने मारलं म्हणे!

सुबारूच्या रॅली टीमचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "२००८ची मंदी आली नसती तर सुबारू परत जिंकायला लागली असती." दुसरं, "पेटर सोल्बर्ग संपला होता हो, २००३ नंतर त्याच्यात काही दम राहिला नव्हता." गाड्यांच्या नादी लागलेले चांगले जाणते लोकही ही वाक्यं बिनदिक्कत फेकतात. मला दोन्ही पटत नाहीत, आणि दुसऱ्याचा तर चक्क रागच येतो. म्हणून हा लेखप्रपंच.

ज्यांना या प्रकाराची काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. रॅली म्हणजे झेंडे लावून, हॉर्न वाजवत गावभर फिरणाऱ्या मोटारसायकली नव्हेत. इथे रहदारीला बंद केलेल्या जंगलातल्या, घाटातल्या, बर्फातल्या रस्त्यांवर एकेक गाडी घड्याळाशी शर्यत खेळते. शेजारी बसलेला सहचालक वहीतून पुढची वळणं वाचून दाखवतो आणि चालक त्या शब्दांवर विश्वास ठेवून न दिसणाऱ्या वळणात गाडी घालतो. (नाशिककरांना हे सांगायला नको, 'रॅली ऑफ महाराष्ट्र' त्यांच्याच दारात भरत आली आहे.) या खेळाचं जागतिक अजिंक्यपद असतं, एक चालकाचं आणि एक गाडी बनवणाऱ्या कंपनीचं.

सुबारूने कंपनीचं अजिंक्यपद १९९५, १९९६ आणि १९९७ असं लागोपाठ तीनदा जिंकलं. चालकांमध्ये १९९५ला कॉलिन मॅक्रे, २००१ला रिचर्ड बर्न्स आणि २००३ला पेटर सोल्बर्ग. निळा रंग, सोनेरी चाकं आणि त्या बॉक्सर इंजिनाची घरघर, डोळे मिटूनही इम्प्रेझा ओळखू यायची. आपल्याकडच्या लोकांना सुबारू माहीत झाली ती जनरल मोटर्सने 'शेवरोले फॉरेस्टर' म्हणून विकलेल्या गाडीमुळे, तीही सुबारूचं नाव पुसून. असो.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. ही टीम नावाला सुबारूची होती. जपानमधली मूळ कंपनी (तेव्हाची फुजी हेवी इंडस्ट्रीज) पैसे द्यायची, पण गाडी बनवणं, चालक नेमणं, टीम चालवणं हे सगळं इंग्लंडमधल्या बॅनबरीतली प्रोड्राइव्ह ही कंपनी करायची. तिचे मालक डेव्हिड रिचर्ड्स. म्हणजे रीतसर कंत्राटच. आणि कंत्राटात काम बिघडलं की दोष कोणाचा हा प्रश्न आपल्याकडे रस्त्यावरच्या खड्ड्यांच्या बाबतीत जितका सोपा असतो, तितकाच तिथेही होता.

बिघडलं कधी? मंदी आली २००८च्या शेवटी. सुबारूने शेवटची जागतिक रॅली जिंकली सप्टेंबर २००५मध्ये, वेल्समध्ये. तीही कशी, तर मार्को मार्टिनचा सहचालक मायकल पार्क त्या रॅलीत अपघातात गेला, आणि अशा दिवशी अजिंक्यपद मिळवायचं नाही म्हणून पुढे असलेल्या सेबास्तियन लोएबने मुद्दाम दंड ओढवून घेतला. त्यामुळे विजय पेटरच्या नावावर लागला. सुबारूच्या एकूण ४७ विजयांतला हा शेवटचा. त्यानंतर २००६ शून्य, २००७ शून्य, २००८ शून्य. कंपन्यांच्या यादीत तिन्ही वर्षं तिसरा क्रमांक, आणि २००७मध्ये तर गुण फोर्डच्या निम्म्याहूनही कमी. तीन वर्षं आजारी असलेला माणूस गेल्यावर त्याच दिवशीच्या पावसाला दोष देण्यासारखं आहे हे.

"पण पेटर...". थांबा, त्याच्याकडेच येतोय.

पेटर काही देव नव्हता. अंगात उत्साह मावायचा नाही, त्याला 'हॉलिवूड' असं टोपणनाव पडलं होतं ते उगीच नाही. २००४ला जर्मनीत रस्त्याकडेच्या दगडी खुंटांवर त्याने गाडी अशी आपटली की तो त्यातून चालत बाहेर आला याचंच नवल. पण याच माणसाने २००३ला लोएबला एका गुणाने हरवून अजिंक्यपद मिळवलं, २००४ला पाच रॅली जिंकून दुसरा आला, २००५ला तीन जिंकला. असा माणूस एका हिवाळ्यात गाडी चालवायला विसरतो?

त्याच्यावर आरोप करणारे एक आकडा पुढे करतात. २००८ला त्याचा सहकारी ख्रिस ॲटकिन्सन ५० गुणांवर आणि पेटर ४६वर. म्हणजे गाडी ठीक होती, पेटरच ढिला पडला. वरवर बघता बिनतोड. पण त्या वर्षीची पूर्ण यादी काढून बघा. लोएब, हिरवोनेन, सोर्डो, लात्वाला, ॲटकिन्सन, सोल्बर्ग. पहिले चारही सित्रोएन आणि फोर्डचे, आणि त्यांच्या मागे ओळीने दोघं सुबारूवाले. २००७ काढा. लोएब, ग्रॉनहोल्म, हिरवोनेन, सोर्डो, आणि पाचवा पेटर. पुन्हा तेच! दोन्ही वर्षं सित्रोएन आणि फोर्डच्या चौघांच्या पुढे सुबारूचा एकही माणूस जाऊ शकला नाही, मग तो जगज्जेता नॉर्वेजियन असो की उमदा ऑस्ट्रेलियन. चालक बदलला तरी निकाल तिथेच अडतो, तेव्हा अडचण चालकात नसते.

गाडीकडे येऊ. सुबारूचं बॉक्सर इंजिन म्हणजे सिलिंडर उभे नसून आडवे, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. वजन खाली राहतं म्हणून त्याचं भरपूर कौतुक होतं. पण हे अख्खं धूड पुढच्या चाकांच्या ॲक्सलच्याही पुढे लटकलेलं असतं. फोर्डने फोकसमध्ये इंजिन गाडीच्या रुंदीत बसवलं आणि वर ते मागे कलवलं, म्हणजे वजन जितकं मधे आणता येईल तितकं आणलं. इम्प्रेझाला मूळ घडणीमुळे ती मोकळीक नव्हती. नाकात वजन असलं की स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच जायला बघते. हा दोष १९९७लाही होता आणि २००३लाही, पण तेव्हा चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण होतं आणि त्याने बरंच झाकून जायचं. २००६च्या नियमांनी पुढचं आणि मागचं डिफरन्शियल पुन्हा साधं यांत्रिक केलं, फक्त मधलं तेवढं इलेक्ट्रॉनिक ठेवलं. पांघरूण निघालं. आणि बरोबर २००६पासून पेटरचे विजय बंद. माझ्या मते हा योगायोग नाही.

बरं, हे नियम काही रातोरात आले नव्हते, सगळ्यांना आधीपासून माहीत होते. फोर्डने त्यासाठी नवी फोकस बांधली आणि २००६ आणि २००७ दोन्ही वर्षं कंपन्यांचं अजिंक्यपद नेलं. सित्रोएनची तर २००६ला अधिकृत टीमच नव्हती. क्रोनोस नावाच्या खाजगी टीमच्या जुन्या क्सारात बसून, हात मोडल्याने शेवटच्या चार रॅली घरी काढूनही, लोएब एका गुणाने जगज्जेता झाला. आणि बॅनबरीत काय चाललं होतं? आहे तीच सेडान थोडी रुंद करा, थोडी हलवा, सस्पेन्शन बदलून बघा, पुढच्या रॅलीला पुन्हा बदला. शोरूममध्ये नवी हॅचबॅक इम्प्रेझा २००७ला आली, तिची रॅली आवृत्ती उतरली थेट मे २००८च्या अखेरीस, ग्रीसमध्ये, निम्मं वर्ष संपत आल्यावर. पहिल्याच रॅलीत पेटर दुसरा आला. लोक म्हणाले, बघा, आता गाडी सापडली. पण ऑगस्टमध्ये फिनलंडला ॲटकिन्सन तिसरा आला तो टीमचा शेवटचा पोडियम. म्हणजे मंदीची बातमी येण्याआधीच ही नवी गाडीही जुन्या वळणावर गेली होती.

आता खरा मुद्दा, व्यवस्थापनाचा. डेव्हिड रिचर्ड्स हा हुशार माणूस, स्वतः सहचालक म्हणून आरी वातानेनबरोबर १९८१चं अजिंक्यपद जिंकलेला. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्या दहा वर्षांत त्यांनी किती दगडांवर पाय ठेवले ते मोजा. २००० साली त्यांच्या कंपनीने जागतिक रॅलीचे टीव्ही आणि व्यापारी हक्क घेतले, ते २००७पर्यंत ठेवले. म्हणजे एका टीमचे मालक आणि अख्ख्या स्पर्धेचे दुकानदार एकच. २००२ ते २००४ त्यांनी फॉर्म्युला वनमधली बार टीम चालवली (आणि २००४ला ती दुसरी आणलीही, हे मान्य). एप्रिल २००६मध्ये स्वतःच्या फॉर्म्युला वन टीमसाठी २००८ची जागा मिळवली, आणि नोव्हेंबर २००७मध्ये ते जमत नाही म्हणून सोडून दिलं. मार्च २००७मध्ये त्यांच्या गटाने फोर्डकडून ॲस्टन मार्टिन कंपनी घेतली. २००७ आणि २००८ला प्रोड्राइव्हने बांधलेल्या ॲस्टन मार्टिनने ल माँमध्ये आपल्या वर्गात पहिला नंबर काढला.

शेवटचं वाक्य परत वाचा. बॅनबरीत चांगली गाडी बांधता येत होती. फक्त ती निळी नव्हती.

माणसांचंही तेच. क्रिस्तियाँ लोरिओ या बेल्जियन इंजिनिअरने २००० सालची इम्प्रेझा घडवली, जिने पोर्तुगालमध्ये पहिल्याच रॅलीत बर्न्सला विजय दिला. हा माणूस पुढे फोर्डच्या एम-स्पोर्टकडे गेला आणि मी वर जिचं कौतुक केलं ती फोकस त्याचीच. मिक्को हिरवोनेन २००४ला सुबारूत पेटरचा सहकारी होता. एका वर्षात नारळ! तोच पुढे फोर्डसाठी रॅली जिंकायला लागला, २००८ला जगात दुसरा आला, २००९ला अजिंक्यपद एका गुणाने हुकलं. मॅक्रे १९९८नंतर फोर्डकडे गेला, बर्न्स जगज्जेता झाल्या झाल्या प्यूजोकडे, तेही कोर्टकज्ज्यासकट. सगळ्या निर्णयांमागची कारणं वेगवेगळी असतील. पण ज्या घरातून कर्तबगार पोरं एकामागून एक बाहेर पडतात आणि शेजारच्या घरात जाऊन भरभराटीला येतात, त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना चार प्रश्न विचारायला नकोत?

कोणी म्हणेल की कंत्राटी पद्धतीचाच हा दोष. तर तेही नाही. एम-स्पोर्टसुद्धा कंत्राटीच, इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यातल्या कंब्रियात माल्कम विल्सन यांनी उभारलेली. फरक इतकाच की त्या काळात विल्सन यांच्या डोक्यात रॅलीशिवाय दुसरं काही नव्हतं.

आणि जपानवाल्यांना मी मोकळं सोडणार नाही. तीन वर्षं एकही विजय नाही, तरी त्यांनी ना कंत्राटदार बदलला, ना स्वतःचे इंजिनिअर घेऊन ठाण मांडलं, ना गाशा गुंडाळला. दर वर्षी "यंदा पुन्हा अजिंक्यपदाच्या शर्यतीत" असा सूर लागायचा आणि उन्हाळ्यापर्यंत तो विरून जायचा. मग होंडाने फॉर्म्युला वन सोडलं, १५ डिसेंबर २००८ला सुझुकीने रॅली सोडली आणि दुसऱ्याच दिवशी सुबारूने. कारण एकच, जागतिक आर्थिक परिस्थिती. मला विचाराल तर ती मंदी त्यांच्या पथ्यावरच पडली. अपयशाने बाहेर पडायची लाज वाटत होती, परिस्थितीने बाहेर पडायला कोणाचीच लाज नसते. सुबारू कारखान्याची टीम घेऊन आजपर्यंत जागतिक रॅलीत परतलेली नाही.

राहता राहिला 'संपलेला' पेटर. डिसेंबरमध्ये नोकरी गेली, मोसम तोंडावर. त्याने स्वतःची टीम काढली आणि एक जुनी क्सारा मिळवली, सित्रोएनने स्वतः केव्हाच बाजूला ठेवलेली, २००६च्या वेळची. तिच्यात बसून मार्च २००९मध्ये सायप्रसला तिसरा आला, मग सार्डिनियात पुन्हा तिसरा. वर्षाच्या शेवटी यादी अशी होती: लोएब, हिरवोनेन, सोर्डो, लात्वाला, आणि पाचवा पेटर. २००७ला सुबारूचा सगळा पैसा, सगळे इंजिनिअर आणि अख्खी बॅनबरी पाठीशी असताना तो होता, बरोबर त्याच जागेवर.