आधी जागा, मग गाडी

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. झोपण्याची, स्वयंपाकाची सोय असलेले हे फिरते घर म्हणजे कमाईचे साधन, अशी चर्चा आता आपल्या भागातही ऐकू येते. आखातातून परतलेला भाऊ चार पैसे गाठीला बांधून येतो. जुनी मिनीबस घ्यावी, आतून सजवावी आणि हंगामात पर्यटकांना भाड्याने द्यावी, हा विचार वाईट नाही. पण आमचे स्पष्ट मत असे की, ती उभी करायची जागा पक्की झाल्याशिवाय गाडीचा बयाणा देऊ नये.

हिशेब साधा आहे. समजा गाडी तयार होईपर्यंत ६ लाख रुपये पडले आणि ती ५ हंगाम चालली. वर्षाला १ लाख २० हजार झाले. हंगामात ६० रात्री भरल्या तर एका रात्रीमागे २ हजार रुपये नुसते गाडीचेच वसूल व्हायला हवेत. जागेचे भाडे, वीज, पाणी, दुरुस्ती वेगळी. तीस रात्रीच भरल्या तर हाच आकडा ४ हजार होतो. रात्री किती भरतील हे गाडी ठरवत नाही, जागा ठरवते.

गिऱ्हाईक आपल्याकडे आहे. महाडहून पाचाडमार्गे रायगड, पोलादपूरहून आंबेनळी घाटाने प्रतापगड आणि महाबळेश्वर. हे दोन्ही किल्ले जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. परंतु २० मार्चची चवदार तळ्याची गर्दी किंवा ६ जूनची रायगडावरची गर्दी पाहून हिशेब मांडू नये. ते दोन-चार दिवस असतात आणि तेव्हा गाड्या कुठे थांबवायच्या ते पोलीस ठरवतात. धंदा खरा दिवाळी ते मे. पुढे चार महिने पाऊस. घाटात दरड कोसळली की रस्ता बंद.

म्हणून जागा पाहताना पहिला प्रश्न पाण्याचा. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचा पूर महाड शहरात शिरला, तेव्हा दुकानांतला माल गेला. जागेवर २००५ आणि २०२१ साली पाणी कुठवर आले होते, हे शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारावे. पावसाळ्यात गाडी उंचावर, छपराखाली ठेवायची सोय आहे का, तेही पाहावे, नाही तर पत्रा गंजून जातो. दुसरा प्रश्न मालकीचा. राष्ट्रीय महामार्गाच्या हद्दीत परवानगीशिवाय ठिय्या मांडण्यास २००२ च्या कायद्याने मनाई आहे. खासगी जागाच घ्यावी आणि भाडे, मुदत, वीज, पाणी, शौचालय सगळे लेखी करावे. तिसरा प्रश्न रस्त्याचा. कशेडीचा बोगदा २०२३ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला आणि जुन्या घाटरस्त्याने जाणारी वाहने बोगद्याकडे वळली. आजचा वाहता रस्ता उद्या वाहताच राहील असे नाही.

एवढे जमले की गाडीकडे वळावे. इंजिन मेकॅनिकला दाखवावे आणि कागद स्वतः वाचावेत. कर्जाचा बोजा असेल तर तो उतरल्याचा फॉर्म ३५, नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३०, फिटनेस आणि विमा. विकणाऱ्यानेही गाफील राहू नये. आरटीओत नाव बदलले नाही आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही.

आपले सुतार, वेल्डर, रंगारी असे काम उत्तम करतील, यात शंका नाही. मात्र आरटीओच्या मंजुरीशिवाय बॉडीत फेरफार केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कारागिराने मंजुरीचा कागद पाहूनच काम हाती घ्यावे.

यंदाचा हंगाम गाडीविना काढा. सुट्टीच्या आणि साध्या दिवशी त्या जागेवर बसून किती वाहने थांबतात, किती माणसे मुक्काम विचारतात, ते वहीत लिहा. वहीतला आकडा पटला तर पुढच्या दिवाळीला गाडी घ्या. जुन्या गाड्या तेव्हाही मिळतील.