खांब त्यांचा, निर्णयही त्यांचाच

उन्हाळा सुरू झाला की व्हँकुव्हरच्या आपल्या मराठी घरांमध्ये पाहुण्यांची वर्दळ वाढते आणि पहिल्याच शनिवारी सगळी वरात स्टॅनली पार्कात जाते. ब्रॉक्टन पॉइंटचे टोटेम पोल, त्यांच्यासमोर फोटो, आणि घरातला कुणीतरी जाणकार सांगतो, "हे इथल्या आदिवासींचे देव."

एका वाक्यात दोन चुका! हे देव नाहीत. यांना कुणी नैवेद्य दाखवत नव्हतं. गरुड, अस्वल, कावळा, किलर व्हेल ही एकेका घराण्याची चिन्हं. हा खांब कुणाचा, त्यांचे पूर्वज कोण, त्यांचे हक्क काय, कुणाच्या स्मरणार्थ तो उभारला, हे सगळं त्यावर कोरलेलं असतं. आपल्याकडे देवक असतं ना, लग्नात मांडवात बसवतात ते? इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्या जातीजमातींवर जाडजूड ग्रंथ लिहिले, तेव्हा या देवकालाच त्यांनी 'टोटेम' म्हटलं. म्हणजे ही गोष्ट समजायला मराठी माणसाला खरं तर सगळ्यात सोपी जायला हवी.

दुसरी चूक, 'इथल्या'. ही जागा मस्क्वियम, स्क्वामिश आणि स्लेवाटूथ लोकांची. त्यांची परंपरा घराचे कोरीव खांब आणि स्वागतमूर्तींची. स्टॅनली पार्कातले सुरुवातीचे उंच पोल 1920 च्या दशकात अलर्ट बेहून, म्हणजे शेकडो किलोमीटर उत्तरेकडून, विकत आणले होते. आणि त्याच काळात याच पार्कात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांना बाहेर काढण्यासाठी कोर्टात दावे चालू होते. 1888 मध्ये पार्कातला रस्ता केला तेव्हा ख्वायख्वाय या जुन्या गावातले शिंपल्यांचे ढीग फोडून तो चुरा रस्त्यावर पसरला होता. माणसं हाकलायची, आणि दुसऱ्या माणसांचे खांब आणून शोभेला उभे करायचे. फोटो काढा, जरूर काढा, पण हे ठाऊक असू द्या.

आता मुद्द्यावर येतो. 2023 मध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाने निस्गा लोकांचा एक स्मृतिखांब परत केला. साधारण अकरा मीटर उंच, 1860 च्या दशकात कोरलेला. जोअ‍ॅना मूडी नावाच्या निस्गा मातृप्रमुख बाईंनी तो आपल्या घराण्यातल्या एका योद्ध्याच्या स्मरणार्थ करवून घेतला होता. 1929 मध्ये मारियस बार्बो या मानववंशशास्त्रज्ञाने, गावकरी मासेमारीच्या हंगामात बाहेर असताना, तो हलवला आणि एडिनबराला विकला. ही बातमी आपल्याच एका ग्रुपवर आली तेव्हा प्रतिक्रिया काय होत्या? "तिथे नीट राहिला असता." "यांना सांभाळता येणार आहे का?" "पाऊस-वाऱ्यात कुजवून टाकतील."

गंमत बघा. 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याला आली, तेव्हा याच ग्रुपवर फटाक्यांचे इमोजी होते. ती वाघनखं नेमकी कुणाची हा वाद आज बाजूला ठेवू. पण ती तीन वर्षांच्या बोलीवर आली, हे तर सगळ्यांना माहीत आहे ना? तेव्हा आपण तावातावाने विचारत होतो, "आमचीच वस्तू आम्हाला उसनी कशी देता?" प्रश्न अगदी रास्त होता. मग तोच प्रश्न निस्गा लोकांनी विचारला की तो अवाजवी कसा होतो? आपली वस्तू वारसा, आणि त्यांची वस्तू म्युझियममध्ये बरी?

"सांभाळता येत नाही" हा युक्तिवाद तर मला सगळ्यात संतापजनक वाटतो. का सांभाळता आलं नाही, ते विचारा. कॅनडा सरकारने 1884 मध्ये कायदा करून पॉटलॅच समारंभावर बंदी घातली. पॉटलॅच म्हणजे घराण्याचा मोठा सोहळा. त्यात नावं दिली जातात, वारसाहक्क जाहीर होतात, जमलेल्या लोकांना साक्षीदार म्हणून दानं दिली जातात. खांब उभारायचा तो अशाच सोहळ्यात. ही बंदी 1951 पर्यंत टिकली. समारंभ केला म्हणून लोक तुरुंगात गेले, मुखवटे जप्त झाले. मुलांना निवासी शाळांमध्ये नेऊन त्यांची भाषा तोडली. देवीच्या साथींनी गावंच्या गावं ओस पाडली. आधी हात बांधायचे, मग म्हणायचं यांना काम जमत नाही!

आणि तरीही काम जमलंच. म्युझियमवाल्यांना मोडकळीला आलेले जुने खांब दुरुस्त करायचे होते, तेव्हा त्यांनी कुणाला बोलावलं? मंगो मार्टिन या क्वाक्वाकावाक्व कारागिराला. 1950 च्या दशकात व्हिक्टोरियात त्यांनी जुन्यांच्या प्रतिकृती कोरल्या, नवे खांब कोरले, नवी पोरं तयार केली. 1969 मध्ये हायडा ग्वाईच्या मॅसेट गावात रॉबर्ट डेव्हिडसन यांनी खांब उभारला, तेव्हा ते जेमतेम 22 वर्षांचे होते. गावात कित्येक दशकांनी असा खांब उभा राहत होता. म्युझियमने लाकूड वाचवलं, हे मान्य. काही खांब केवळ त्यामुळेच आज आहेत, हेही मान्य. पण विद्या वाचवली ती माणसांनी.

राहिला कुजण्याचा प्रश्न. हायस्ला लोकांचा एक खांब 1929 मध्येच स्वीडनला गेला होता. साथीत घरची माणसं गमावलेल्या एका सरदाराने 1872 मध्ये तो उभारला होता. परत मागितल्यावर स्टॉकहोमच्या संग्रहालयाने आधी विचारलं, तापमान-आर्द्रता राखणारी इमारत आहे का? हायस्लांनी स्वतः नवा खांब कोरून स्वीडनला दिला आणि 2006 मध्ये आपला परत आणला. काही काळ तो छपराखाली ठेवला आणि शेवटी त्याच्या मूळच्या दफनभूमीत नेऊन झोपवला. मातीत मिळण्यासाठी. कारण त्यांच्या परंपरेत खांब पडतो, कुजतो, आणि गरज असेल तर नवा कोरला जातो.

निस्गांनी मात्र आपला खांब नास नदीच्या खोऱ्यातल्या स्वतःच्या संग्रहालयात ठेवला. एकाने मातीत दिला, एकाने छपराखाली ठेवला. यातलं बरोबर कोणतं? दोन्ही. कारण निर्णय ज्याचा त्याने घेतला. आपण गणपती दीड दिवसाने पाण्यात सोडतो, तेव्हा एखाद्या परक्याने येऊन "अरे, एवढी सुंदर मूर्ती, काचेत ठेवा" असं म्हटलं तर आपण त्याला काय सांगू?

मग जतन म्हणजे काय? माझ्या मते जतन म्हणजे तीन गोष्टी. वाकस चालवणारा हात, खांबाची गोष्ट सांगायचा हक्क असलेलं घराणं, आणि शेकडो वर्षं वाढलेला रेड सीडरचा वृक्ष. काचेच्या पेटीत यातलं एकही मावत नाही. या प्रांतातली जुनी जंगलं तोडायचा प्रश्न येतो, तेव्हा "आपला काय संबंध" म्हणून आपण पुढे स्क्रोल करतो. संबंध हाच आहे. झाड नाही तर खांब नाही.

आपण या जमिनीवर राहतो, घरं घेतो, मंडळाचे कार्यक्रम करतो, सुरुवातीला माइकवरून भूमीचं ऋण मानणारी दोन वाक्यं वाचतो. ती वाक्यं खरी करायची असतील तर निदान एवढं करू:

पाहुण्यांना 'देव' सांगू नका. शेजारची पाटी वाचा, खांब कोणत्या लोकांचा आणि कुणी कोरला ते सांगा.

कलाकाराचं नाव नसलेला रेझिनचा छोटा टोटेम पोल भेट म्हणून भारतात नेऊ नका. दोन पैसे जास्त गेले तरी कोरणाऱ्याकडून घ्या.

मंडळाच्या मुलांच्या शिबिरात पुठ्ठ्याचे टोटेम पोल करून घेणं थांबवा. कुणाच्या घराण्याची वंशावळ हा आपला हस्तकलेचा तास नाही. त्याऐवजी एखाद्या कारागिराला मानधन देऊन बोलवा.

आणि पुढचा खांब परत येईल, तेव्हा "सांभाळता येईल का" हे विचारण्याआधी "नेला कुणी" हे विचारा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, पण मुद्द्यावर भांडा.