“इथेच” म्हणजे कुठे?

मुलांनो आणि पालकहो,

गेल्या महिन्यात सान्नोमियाला आमची धाकटी गर्दीत मागे राहिली. तिसरीत आहे, गळ्यात फोन असतो. मी फोन लावला. “बाबा, मी इथेच आहे.” इथेच म्हणजे कुठे? “इथेच, दुकानापाशी.” माझ्या फोनच्या नकाशावर तिचा ठिपका रेल्वेरुळांच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला दिसत होता. आम्ही दोघे तिकडे धावलो. ती होती खाली, सांचिकाच्या भुयारी बाजारात, पावाच्या दुकानासमोर! वीस मिनिटे गेली. “फोन आहे ना जवळ” असे म्हणून आपण मुलांना पत्ता सांगायला शिकवणे सोडले आहे, आणि ही आपली चूक आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

ठिपका चुकतो कसा? जमिनीखाली उपग्रहांचे संदेश पोचत नाहीत. मग टॉवरवरून वगैरे अंदाज बांधावा लागतो. त्याची एक सुंदर रीत आहे. टॉवरवर अनेक अँटेना ओळीने बसवतात. फोनची लहर जवळच्या अँटेनावर आधी पोचते, लांबच्यावर किंचित नंतर. या फरकावरून ती कोणत्या दिशेने आली ते काढता येते. दोन कानांमुळे आपल्याला हाक कुठून आली ते कळते, तसेच काहीसे. दोन टॉवरवरून दोन दिशा मिळाल्या की नकाशावर दोन रेघा ओढायच्या. जिथे छेदतील तिथे फोन. (भूमितीला कंटाळणाऱ्यांनी लक्ष द्यावे.)

पण दिशेत पाच अंशांची चूक झाली, तर अर्ध्या किलोमीटरवर ठिकाण सुमारे ४४ मीटर सरकते. शिवाय शहरात लहर सरळ येतेच कुठे? सह्याद्रीत कड्यासमोर हाक मारली की पलीकडून कोणी ओ दिल्यासारखी ती परत येते. उंच इमारतींच्या भिंतींवरून फोनची लहर तशीच उलटते, आणि अँटेनाला वाटते, फोन त्या भिंतीकडेच आहे. आणि नकाशावरच्या दोन रेघांतून मजला तर कळतच नाही.

एप्रिल २००७ पासून जपानमध्ये मोबाइलवरून ११० किंवा ११९ लावला की फोनचे ठिकाण आपोआप कळवण्याची सोय सुरू झाली. फार चांगली गोष्ट. तरी ११९ वरचा माणूस आग की रुग्णवाहिका एवढे विचारून लगेच ठिकाण विचारतोच. तेव्हा “इथेच” म्हणून कसे चालेल?

कोबेत राहणाऱ्यांना १७ जानेवारी १९९५ ची पहाट, ५ वाजून ४६ मिनिटे, वेगळी सांगायला नको. त्या भूकंपात ६,४३४ माणसे गेली. केंद्राजवळच, अवाजी बेटावर, होकुदान नावाचे गाव होते. तिथेही घरे कोसळली. पण गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाला कोणत्या घरात कोण कुठल्या खोलीत झोपते हे ठाऊक होते. त्यांनी नेमके तिथेच उकरले. सुमारे ३०० माणसांना ढिगाऱ्यांतून काढले, आणि त्याच दिवशी गावात बेपत्ता असे कोणी उरले नाही. ना उपग्रह, ना अँटेना. आपल्याकडे शेजारणीने इतकी चौकशी केली तर आपण तिला भोचक म्हणतो!

विज्ञान सुधारत जाईल आणि ठिपका अचूक होईल, असे काही पालक म्हणतील. होवो. पण भूकंपानंतर वीज गेली, फोनची बॅटरी संपली, तर ठिपकाच राहणार नाही.

म्हणून मुलांनो, आपला पत्ता जपानीत न अडखळता सांगता आला पाहिजे. रस्त्यात असाल तर शीतपेयांचे यंत्र शोधा. बऱ्याच यंत्रांवर तिथल्या पत्त्याची पट्टी चिकटवलेली असते. कोबेकरांसारखे ‘यामागावा’, ‘उमिगावा’, म्हणजे डोंगराकडे की समुद्राकडे, हेही सांगायला शिका. पालकहो, १७१ हा आपत्तीतील निरोपांचा क्रमांक दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला सरावासाठी खुला असतो. एकदा घरातल्या सर्वांनी मिळून वापरून पाहा.

आमची धाकटी आता प्रत्येक यंत्रापाशी थांबून पत्ता वाचते. कांजी अडली की मला विचारते. निम्म्या वेळा ती मलाही येत नाही.

— एक पालक