रात्रपाळीचा तंत्रज्ञ द्या

माननीय वैद्यकीय शिक्षणमंत्री आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे कुलगुरू यांस,



शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतला मेंदूविकार विभाग वाढवताना यंत्रांच्या यादीसोबत एक पदही मंजूर करा: झोपेच्या तपासणीचा रात्रपाळीचा तंत्रज्ञ. ही तपासणी रात्रभर चालते. मेंदूचे तरंग, डोळ्यांची हालचाल, हनुवटी-पायांचे स्नायू, श्वास, रक्तातला ऑक्सिजन यांवर लक्ष ठेवायचं, तार निसटली की पुन्हा लावायची, नंतर तीस-तीस सेकंदांचे तुकडे वाचायचे. जाणता माणूस नसेल तर महागडं यंत्र पडून राहतं.

येना विद्यापीठाच्या मनोरुग्णालयात हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूचा पहिला विद्युत-आलेख काढला. तिथून पुढचं झोपेच्या अभ्यासाचं बरंचसं काम विद्यापीठांच्या आणि सार्वजनिक रुग्णालयांच्या आश्रयानेच झालं. त्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मिनिआपोलिसच्या हेनेपिन काउंटी या सार्वजनिक रुग्णालयातलं. स्वप्न पडत असताना शरीर लुळं असतं. कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी १९८६ साली ज्यांची नोंद केली, त्या रुग्णांचं तसं होत नव्हतं. स्वप्नातली मारामारी ते खरोखर हातपायांनी करत. या डॉक्टरांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. १९९६ साली त्यांनी लिहिलं, की २९ पुरुषांपैकी ११ जणांना पुढे कंपवातासारखा आजार जडला. एका रात्रीच्या नोंदीवरून हे कळलं नसतं. वर्षानुवर्षं त्याच दारी येणारा रुग्ण आणि त्याचे जुने कागद जपणारं रुग्णालय, दोन्ही लागतात.

माझे वडील झोपेत ओरडायचे, लाथा झाडायचे. आई खाली अंथरूण घालायची. दिवसभराची दगदग, असं आम्ही सगळेच म्हणायचो. वडिलांच्या हाताला कंप सुटल्यावर निदान झालं. ते आधी होऊनही आजार थांबला नसता, तसं औषध अजून नाही. पण खाट भिंतीपासून दूर सरकवली असती, झोप शांत करणाऱ्या गोळ्या मिळाल्या असत्या, आईला मार बसला नसता.

घोरण्याला तर आपल्याकडे गाढ झोपेची खूण मानतात, पण त्यामागे झोपेत अडकणारा श्वासही असू शकतो. श्वास रात्रभर अडकत राहिलेला ट्रकचालक सकाळी पेंगतच घाटात गाडी घालतो. खासगी तपासणी त्याच्या ऐपतीबाहेरची आहे.

मंत्रिमहोदय, सुरुवात नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरपासून करा. दोन खाटा पुरेत. कुलगुरू महोदय, मेंदूविकाराच्या निवासी डॉक्टरांना झोपेच्या तपासणीच्या खोलीत काही रात्री काढणं सक्तीचं करा. पदाचा प्रस्ताव येत्या अर्थसंकल्पाआधी मांडला जावा, ही विनंती.

आपली नम्र,
एका रुग्णाची मुलगी